पानं खाणाऱ्या पक्ष्याचे वकील

माझ्या मोठ्या दिरांनी उभ्या आयुष्यात कुणाच्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलेलं नाही. वेळ विचारा, रस्ता विचारा, चहा घेणार का विचारा, त्यांच्या उत्तरात एक पक्षी येतो, आणि तो आला की चहा गार होतो, रस्ता बाजूला राहतो आणि वेळ किती झाली हे विचारण्यात अर्थ उरत नाही. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सासूबाईंनी कुणाला गोड चालत नाही, कुणाच्या ताटात मिरची टाकायची नाही असं सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी दादांकडे बोट करून म्हणाल्या, "याला पक्ष्याबद्दल विचारू नको. न विचारता सांगेल." मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं. नागपूर सुटलं, दादा हॉलंडात ग्रोनिंगनला आले, मागोमाग आम्ही आल्मेरेला आलो, माझी मुलं माझ्यापेक्षा उंच झाली, आणि ते अजून सांगताहेत.

हा पक्षी म्हणजे होआत्झिन. ज्यांनी हे नाव ऐकलेलं नाही ते सुखी आहेत, पण पुढचं कळायला हवं म्हणून थोडक्यात सांगते. (हे थोडक्यात सांगता येतं, हे कृपा करून दादांना कळवू नये.) तो दक्षिण अमेरिकेतल्या दलदलीत, पाण्यावर वाकलेल्या झाडांमध्ये राहतो. कोंबडीएवढा असतो, तोंड निळं, डोळे लाल, आणि डोक्यावर विंचरायचा राहून गेलेला तुरा. बाकीचे पक्षी दाणे, किडे, फळं खातात. हा पानं खातो, आणि ती गाईसारखी पोटात आंबवून पचवतो. त्यासाठी गळ्याखाली एवढी मोठी पिशवी लागते की उडायच्या स्नायूंना जागाच उरत नाही, त्यामुळे याला धड उडताही येत नाही. पोट भरलं की छाती फांदीवर टेकून तासन्‌तास बसून राहतो. पानं आंबतात म्हणून अंगाला शेणासारखा वास येतो असं म्हणतात, आणि त्यावरून डच लोकांनी त्याला स्टिंकफोखल, म्हणजे घाण वासाचा पक्षी, असं नाव ठेवलंय. हा शब्द दादांसमोर उच्चारू नये. एकदा त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एका नव्या पोराने तो सहज उच्चारला, तर दादांनी त्याला कॉफीच्या मशीनपाशी गाठून विचारलं की हे नाव त्या पक्ष्याला विचारून ठेवलं होतं का. पोरगा बिचारा नुकताच ग्रोनिंगनला आला होता. त्याला वाटलं, इथे असंच बोलतात.

दादा त्याच प्रयोगशाळेत या पक्ष्याच्या पोटाचा अभ्यास करतात. म्हणजे काचेच्या भांड्यात त्याच्या पोटासारखं पोट तयार करतात, त्यात पानं घालतात आणि ती कशी आंबतात ते बघत बसतात. आता हॉलंड हा गाईंचा देश. तिथे गाईच्या पोटावर काम करणाऱ्याला मोठी खोली मिळते, खिडकी मिळते, हाताखाली माणसं मिळतात. दादांना जिन्याखालचा कोपरा मिळाला. त्यांच्या साहेबांनी परोपरीने सांगून पाहिलं की काम तेच आहे, पोट तेवढं बदला, गाईचं घ्या. माझ्या नवऱ्यानेही फोन करून सांगितलं. मीही सांगितलं, कारण फुकट सल्ला द्यायला मी कधी मागे राहत नाही. दादांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं. "गाईला वकील पुष्कळ आहेत," ते म्हणाले आणि जिन्याखाली जाऊन बसले.

वकिली हा शब्द त्यांनीच काढला आणि तो त्यांना शोभतो. या पक्ष्यावर कुणीही काहीही आरोप करावा, दादांचा बचाव तयार. उडता येत नाही म्हटलं तर म्हणतात, जेवण जिथे आहे तिथेच राहणाऱ्याने उडून जायचं कुठे. मंद आहे म्हटलं तर म्हणतात, पान पचवायला वेळ लागतो, दाणा काय कोणीही पचवतो. वास मारतो म्हटलं तर म्हणतात, म्हणून त्याला कोणी मारून खात नाही, तुमचा मोर सुंदर आहे तर त्याची पिसं कुणाच्या फुलदाणीत आहेत ते बघा. पिंजऱ्यात जगत नाही हा तर त्यांच्या दृष्टीने आरोपच नव्हे. ते सांगताना ते खुर्चीत ताठ बसतात आणि आवाज खाली आणतात, जणू कुणा पूर्वजाची गोष्ट चाललीय.

आणि गंमत अशी की या अशिलाला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. पिंजऱ्यात जगत नाही म्हणून प्राणिसंग्रहालयात नाही, आणि तिकडे जाऊन बघायची संधी एकदाच आली, ती त्याच वर्षी जेव्हा दादांच्या पत्नी, आमच्या वहिनी, आजारी पडल्या. दादा गेले नाहीत. दुसरा कुणी गेला आणि बर्फात घालून नमुने घेऊन आला. आल्मेरेत आमच्या घराजवळ एका सुरिनामी, म्हणजे दक्षिण अमेरिकेतून आलेल्या, बाईंचं भाजीचं दुकान आहे. त्यांचे पणजोबा कधीकाळी बिहारातून मजूर म्हणून तिकडे गेलेले. दादा आणि त्या एकमेकांशी ज्या हिंदीत बोलतात ती त्या दोघांखेरीज कुणाला समजत नाही. त्या बाईंनी लहानपणी हा पक्षी रोज पाहिलेला. नदीकाठी झाडावर बसलेला असायचा, फुसफुस करायचा, आम्ही लक्ष द्यायचो नाही, असं त्यांनी टेरच्या, म्हणजे तिकडच्या अळूच्या, पानांची जुडी बांधता बांधता सांगितलं, तेव्हा दादा त्यांच्याकडे असे बघत राहिले की मागे रांग लागली. घरी येताना मी म्हटलं, न पाहिलेल्या पक्ष्यासाठी तुम्ही अर्ध्या जगाशी भांडता. तर म्हणाले, "बाजू घ्यायला ओळख कशाला लागते?"

पक्ष्याच्या सवयी माणसाला लागतात की अशा सवयींचाच माणूस असा पक्षी निवडतो, हे मला सांगता येणार नाही. दादा पालेभाजीशिवाय जेवत नाहीत. अंबाडी, चवळी, शेपू, जे मिळेल ते, आणि नाहीच मिळालं तर हॉलंडात ज्याचं सूप करतात त्या केलची भाकरीशी खायची भाजी करतात. एक घास ते इतका वेळ चावतात की त्यांच्याबरोबर जेवायला बसलेलं माणूस उठून, भांडी घासून, ऑफिसचा एखादा कॉल उरकून परत येतं तेव्हा त्यांचा भात यायचा असतो. जेवण झालं की सोफ्यावर पालथे पडतात, छातीखाली उशी घेऊन. पाहुणे असोत नसोत. एकदा आमचे डच शेजारी किल्ली द्यायला आले आणि दादांना तसं पाहून हुइसआर्ट्सना, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरांना, फोन लावू का म्हणून विचारू लागले. मी म्हटलं, नको, ते पचवताहेत.

ग्रोनिंगनहून आल्मेरेची गाडी थेट आहे आणि दादा नेहमी शांततेच्या डब्यात बसतात, कारण तिथे समोरचा माणूस मध्ये बोलत नाही. एकदा येताना त्यांनी लोणच्याच्या बरणीत आंबवलेली पानं आणली. प्रयोगशाळेतली नव्हेत, स्वतःच्या स्वयंपाकघरात केलेली. त्यांना मला वास दाखवायचा होता म्हणे, म्हणजे लोक किती अतिशयोक्ती करतात ते कळेल. झ्वोलेच्या पुढे कुठेतरी बरणीचं झाकण उडालं. डचांचा संयम मोठा असतो. डब्यातल्या लोकांनी आधी एकमेकांकडे पाहिलं, मग खिडक्यांकडे, मग पिशव्या उचलल्या आणि एकेक करून पुढच्या डब्यात गेले, कुणी चकार शब्द न काढता, कारण डबा शांततेचा होता. शेवटी दादा आणि बरणी उरली. कंडक्टर आला, दारात थबकला, आणि दादांनी तोंड उघडायच्या आत समोरच्या सीटवर टेकला. त्याचे वडील फ्रीसलँडमध्ये गाई पाळायचे. गोठा विकल्यापासून हा वास आला नव्हता असं म्हणाला आणि आल्मेरे येईपर्यंत तिथेच बसला. तिकीट बघायचं विसरला. दादा घरी आले ते खटला जिंकल्याच्या तोऱ्यात, आणि मी ती बरणी बागेत, कुंपणालगतच्या कोपऱ्यात ठेवली.

पण दादांचा खरा पराक्रम आपल्या माणसांत बघावा. आम्ही बौद्ध. आडनाव आमचं गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं, त्यामुळे आडनावावरून माणूस ताडणाऱ्यांची आमच्यापाशी पंचाईत होते. मंडळाच्या दिवाळीला भाड्याच्या क्रीडागृहात चिवड्याची ताटली हातात घेऊन कुणीतरी हसत हसत येतं. आडनाव विचारतं. ते ऐकून समाधान होत नाही, मग मूळचे कुठले. नागपूरकडचे म्हटलं की, नागपुरात कुठले. मग व्हेज की नॉनव्हेज. मग हळूच, कुलदैवत कोणतं. कामाच्या ठिकाणी अख्खं हॉलंड साहेबालासुद्धा पहिल्या नावाने हाक मारतं, पण चिवड्याच्या ताटलीपाशी आल्यावर आपली माणसं आपल्या वळणावर येतात. माझा नवरा अशा वेळी सटकतो. मी सरळ सांगून टाकते आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरचं "तसं काही नाही हो, सहज विचारलं" बघत उभी राहते. दादा खुर्ची ओढतात.

"तुम्ही होआत्झिनचं नाव ऐकलंय?" ते विचारतात. मग सुरू होतं. शास्त्रज्ञांनी या पक्ष्याला आधी कोंबड्यांत घातलं. तिथे बसेना. मग कोकिळेच्या नात्यात लावून पाहिलं. तिथेही बसेना. हाडं मोजली, पिसं मोजली, रक्त तपासलं, आणि प्रत्येक विद्वानाने त्याचं वेगळंच गोत्र काढलं. शेवटी दमून त्याला एकट्याला वेगळं घर बांधून दिलं, ज्यात दुसरं कोणी नाही. "आणि हा सगळा वेळ," दादा समोरच्याच्या ताटलीतला एक काजू उचलत म्हणतात, "पक्षी पानं खात होता. त्याला कुणी काही विचारलं नाही, आणि त्याचंही काही अडलं नाही." तोवर विचारणाऱ्याचा चिवडा मऊ पडलेला असतो आणि कुलदैवत कोणाचं काय हे जाणून घ्यायची त्याची इच्छा पार मावळलेली असते.

या सगळ्याचा जाच कुणाला झाला असेल तर सुजाताला. सुजाता ही दादांची एकुलती एक मुलगी. मराठी तिला सगळं समजतं, उत्तर मात्र डचमध्ये येतं, फारच प्रेम आलं तर इंग्रजीत. हॉलंडात पाणी सगळीकडे, म्हणून इथे पोराला पोहण्याचा पहिला डिप्लोमा मिळवायचा तर कपड्यांनिशी, बुटांनिशी पाण्यात पडून स्वतःच्या स्वतः काठावर चढून दाखवावं लागतं. सुजाताच्या परीक्षेला आम्ही सगळे गॅलरीत बसलो होतो. आता होआत्झिनच्या पिल्लाच्या पंखांना नखं असतात. घरट्यावर शिकारी आला की पिल्लू धाडकन खालच्या पाण्यात उडी टाकतं, पोहतं, आणि धोका टळला की पंखांच्या नखांनी खोडाला धरून परत वर चढतं. हे एवढं माहीत असलेल्या माणसाने अशा परीक्षेला येऊच नये. सुजाताची पाळी आली, ती स्वेटर-पँटसकट पाण्यात पडली, काठाशी आली आणि तिचा हात घसरला. दादा गॅलरीत उभे राहिले आणि त्या घुमणाऱ्या हॉलमध्ये मराठीत ओरडले, "सुजाता, नखं लाव." वहिनींनी त्यांचा स्वेटर धरून त्यांना खाली बसवलं. सुजाताने नखं लावली की नाही ते मला दिसलं नाही, पण ती चढली. घरी जाईपर्यंत ती बापाशी बोलली नाही.

वहिनी गेल्या तेव्हा ती शाळेतच होती. त्यानंतर तिच्या सगळ्या सुट्ट्या आल्मेरेला गेल्या. पहिल्यांदा तिला सोडायला आले तेव्हा दादा दारातच उभे राहून म्हणाले की या पक्ष्यात पिल्लू एकट्या आईबापाच्या जिवावर वाढत नाही, घरातली बाकीची मंडळीही त्याला भरवतात. मी म्हटलं, आधी आत या. ते आभार मानत होते हे मला ते परत गेल्यावर कळलं, आणि मग मी ओट्यापाशी उभी राहून रडले.

तर ही सुजाता मोठी झाली, नोकरीला लागली, आणि तिने बेस्ट नावाच्या गावात राहणारा अनिश नावाचा एक इंजिनिअर निवडला. मुलगा पुण्याचा. गुणी, हसरा, दादांचं पक्षीपुराण दोनदा ऐकूनही परत आलेला. त्याचे आईवडील पुण्याहून मुलाकडे आले आणि मुलीकडच्यांना भेटायचं ठरलं, ते आमच्याकडे जेवायला. अनिशने आम्हाला एवढंच सांगितलं की जेवण व्हेज करा, आणि आईबाबांशी बाकीचं अजून बोललो नाहीये, हळूहळू बोलीन. बाकीचं म्हणजे काय हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांनाच माहीत होतं.

आदल्या आठवड्यात सुजाता आली. दादाही होते, जेवत होते. तिने कधी नव्हे ते मराठीत, शब्द शोधत शोधत सांगितलं, "बाबा, एक संध्याकाळ. पक्षी नको. प्लीज." दादा घास चावत राहिले. मी वाट बघत होते की आता नखं येतील, फांदी येईल, निदान विद्वान येतील. त्यांनी घास गिळला आणि म्हणाले, "बरं."

माझ्या माहितीत त्यांनी दिलेलं हे पहिलं सरळ उत्तर. मला ते अजिबात आवडलं नाही.

त्या संध्याकाळी दादा इस्त्रीचा शर्ट घालून आले. केस नीट बसवलेले. मी अळूची पातळ भाजी केली होती, दाणे, खोबरं, मुळा घालून, पुण्याच्या लग्नात करतात तशी; पानं त्या सुरिनामी बाईंच्या दुकानातली, टेरची, पण शिजल्यावर कुणाला कळत नाही. अनिशची आई शांत स्वभावाची बाई होती. तिने पहिला घास घेतला आणि खुलून म्हणाली, अळू अगदी आपल्यात करतात तसंच झालंय. वडील निवृत्त प्राध्यापक, बोलायला गोड, ऐकायला तयार. त्यांनी माझ्या नवऱ्याच्या कंपनीची चौकशी केली, घराच्या किमतींबद्दल हळहळले, आणि मग "आपल्यात" हा शब्द पकडून सावकाश आमच्या गावाकडे वळले. मूळचे कुठले झालं. नागपुरात कुठले झालं. माझा नवरा पाणी आणायला म्हणून जो उठला तो आलाच नाही. मी आडनावाची गोष्ट भाताबरोबर वाढून टाकली. प्राध्यापकांचं समाधान झालं नाही. आणि दादा गप्प. नुसते गप्प नव्हेत, त्यांचं जेवण संपलं होतं. आम्ही सगळे पहिल्या भातावर असताना त्या माणसाचं ताट रिकामं होतं. इतक्या वर्षांत मी त्यांना असं जेवताना पाहिलं नव्हतं, गिळून टाकलं होतं त्यांनी सगळं.

"मग कुलदैवत कोणतं तुमचं?" प्राध्यापकांनी थेट दादांनाच विचारलं.

दादांनी तोंड उघडलं, सुजाताकडे पाहिलं, आणि मिटलं. अनिश म्हणाला, बाबा, कोशिंबीर घ्या. सुजाता टेबलाच्या कडेकडे बघत होती. आणि मला इतका संताप आला की हातातली पळी भांड्यावर आपटली. प्राध्यापकांचा आला, अनिशचा आला, स्वतःच्या नवऱ्याचाही आला, पण सगळ्यात जास्त त्या इस्त्रीच्या शर्टाचा आला. ज्या माणसाने जिन्याखाली बसून उभ्या जगाला ऐकवलं, तो माझ्या घरात, माझ्या ताटावर असा मिटून बसतो म्हणजे काय.

"तुम्ही होआत्झिनचं नाव ऐकलंय?" मी विचारलं.

सुजाताने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी बघितलं नाही, बघितलं असतं तर थांबले असते. मी सुरू केलं. इतकी वर्षं ऐकूनही मला ते धड येत नव्हतं हे तेव्हा कळलं. मी पक्ष्याला आफ्रिकेत नेलं. टेबलाच्या टोकाकडून हलकेच आवाज आला, "दक्षिण अमेरिका." मी कोंबड्यांकडून एकदम त्याच्या वेगळ्या घरावर आले. "मध्ये कोकिळा राहिली," दादा म्हणाले. मी पिल्लाच्या पंखाला तीन नखं लावली. दादांना राहवेना. "दोन, वंदना. दोन," ते म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढली. शर्टाचं वरचं बटण काढलं. मग मी आपोआप बाजूला झाले, आणि पाणी आणायला गेलेला माझा नवराही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

प्राध्यापकांनी शेवटपर्यंत ऐकलं, हे मी त्यांच्या बाजूने सांगेन. ऐकून हसले. "छान आहे. पण मग शेवटी तो पक्षी कुणातला म्हणायचा?"

"त्याच्यातलाच," दादा म्हणाले. मग जरा थांबले. "तुम्ही मघाशी मला विचारत होता. आम्ही बौद्ध आहोत. माझे आजोबा गावातली मेलेली गुरं ओढायचे. ते जात असले की गाव नाकाला पदर लावून बाजूला व्हायचं. म्हणून मी वासाचाच अभ्यास केला."

सुजाताचा हात टेबलावरून सरकत दादांच्या मनगटावर गेला आणि तिथे राहिला. प्राध्यापक ताटातल्या अळूकडे बघत होते. अनिशने वडिलांकडे पाहिलं आणि आपल्याला हे माहीत होतं, आपणच सांगायला हवं होतं, असं स्पष्ट सांगितलं. उशिरा का होईना, सांगितलं. मग बोलली ती त्याची आई. ती दादांना म्हणाली, "ते पिल्लू पाण्यात पडलं की त्याची आई खाली येते का हो त्याच्यासाठी?"

"नाही," दादा म्हणाले. "त्याचं त्यालाच चढावं लागतं. घरटं मात्र जागेवर असतं."

ती मान हलवत राहिली. मग तिने थोडं अळू आणखी मागून घेतलं.

जाताना प्राध्यापक "येतो" म्हणाले. येतो सगळेच म्हणतात, त्यावरून काही धरता येत नाही. गाडी वळणाआड गेल्यावर दादा सोफ्यावर पालथे पडले, छातीखाली उशी घेऊन, आणि उशीत तोंड घालून सुजाताला म्हणाले की पक्षी त्यांनी काढला नाही, काकूने काढला. सुजाता त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. पुढच्या वेळी सुरुवातच पक्ष्याने करा, असं ती डचमध्ये म्हणाली, आणि एवढं डच आमच्या घरात सगळ्यांना येतं.

लग्न ग्रोनिंगनच्या गेमेंटेत, म्हणजे तिथल्या पालिकेत झालं आणि संध्याकाळी बुद्धवंदना झाली. अनिशची आई आली, तिच्या मागून प्राध्यापकही आले. ते फार बोलले नाहीत. वंदनेला सगळे उभे राहिले तेव्हा ते जरा उशिरा, पण उभे राहिले. मला त्यांच्याकडून याहून जास्त काही नको होतं, आणि कमी मी घेतलं नसतं.

यंदा दादा निवृत्त झाले. जिन्याखालचा कोपरा आता सायकलींना दिलाय असं ऐकते. घरात एकटे राहून करणार काय म्हणून मी त्यांना आल्मेरेला या म्हणत होते, तर त्यांनी सुरिनामचं तिकीट काढलं. आमच्या भाजीवाल्या बाईंचा भाचा तिकडे होडी चालवतो, त्याच्याकडे उतरणार होते. स्किपॉल विमानतळावर सोडायला गेलो तेव्हा त्यांच्या खांद्याच्या पिशवीत वहिनींचा फोटो मी पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं. ज्या वर्षी जायचं होतं त्या वर्षी दोघं मिळून जाणार होते, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

परवा ऑफिसला जाताना गाडीत त्यांचा मेसेज आला. आधी एकच शब्द होता, "दिसला." मी फोन हातात धरून बसून राहिले. वेस्प स्टेशनच्या पुढे गेल्यावर दुसरा आला. "अगदी जवळून पाहिला. वास बिलकूल येत नाही. लोक उगाच बोलतात."

डबा शांततेचा होता. मी मोठ्याने हसले आणि मग मला रडू आलं, आणि समोरच्या डच बाईने न बोलता मला रुमाल काढून दिला.